'कलादालन' : एक शब्द आणि दोन संस्था

'गॅलरी' हा शब्द मराठीत पुरता रुळला आहे, परंतु तो चित्रांच्या संबंधात रुळलेला नाही. मुंबई व तिच्या उत्तरेकडील उपनगरांतील मराठी कुटुंबांत 'गॅलरीत कपडे वाळत घातले आहेत' हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येते. चाळीच्या खोल्यांपुढून जाणारी, कठडा असलेली लांबट जागा ती गॅलरी. पुढे सदनिका आल्या तेव्हा हेच नाव दिवाणखान्याबाहेरच्या चिंचोळ्या सज्ज्यास मिळाले. आता भ्रमणध्वनीतील छायाचित्रांचा साठाही 'गॅलरी'च झाला आहे. चित्रे मांडण्याची जागा हा अर्थ ह्या सर्वांच्या मागून येतो, आणि तोही बहुधा 'जहांगीर' ह्या विशेषनामाच्या आधाराने.

गंमत अशी की, शब्दाच्या मूळ अर्थाशी चाळीतील गॅलरीच अधिक प्रामाणिक आहे. युरोपीय भाषांतही ह्या शब्दाने प्रथम छपराखालची लांब, चालत जाण्याची वाट सूचित होई. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने आपल्या कचेऱ्यांसाठी बांधलेल्या उफित्सी वास्तूच्या वरच्या मजल्यावरील लांब मार्गिकेत शिल्पे मांडली. अन्य धनिकांनीही तोच कित्ता गिरविला आणि वाटेचे नाव हळूहळू तीत मांडलेल्या संग्रहास चिकटले. संस्कृतातही नेमका हाच प्रवास दिसतो. 'वीथी' म्हणजे रांग, रस्ता. आठव्या शतकातील वैदर्भीय नाटककार भवभूती ह्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहतात ती अशा वीथिकेतच. म्हणजे 'कलावीथी' हा प्रतिशब्द पंडिती वाटला तरी अर्थदृष्ट्या अगदी चपखल आहे. तरीही तो मराठीत चालला नाही. हिंदीत मात्र 'वीथिका' हे रूप बरेच स्थिरावले.

दुसरा प्राचीन शब्द 'चित्रशाळा'. मराठीत त्याची वाट वेगळीच फुटली. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी ह्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला, आणि देवदेवता व ऐतिहासिक पुरुष ह्यांची रंगीत शिळाछापे घराघरांत पोहोचली. त्यामुळे 'चित्रशाळा' म्हटले की मराठी मनापुढे भिंतीवरील अस्सल चित्रापेक्षा छापील प्रतच उभी राहू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा ह्यांनी मुंबईत काढलेल्या छापखान्याने ह्याच सवयीस बळकटी आणली. चित्र ही एकच एक, दुसरी प्रत नसलेली आणि म्हणून मोलाची वस्तू आहे, ह्या कल्पनेला आपल्या मध्यमवर्गीय घरात पाय ठेवावयास उशीर झाला तो काही अंशी यामुळे, असे माझे मत आहे.

उरला 'कलादालन'. 'कला' संस्कृत, 'दालन' हे फारसी 'दालान'चे रूप. दोन घराण्यांतील शब्दांचा हा विवाह शुद्धिवाद्यांस रुचणार नाही. पण शब्द सोपा, उच्चारास सुखद आणि अर्थास पारदर्शक असल्याने लोकांनी स्वीकारला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात कलादालन आहे, कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात आहे, मुंबईत प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीतही आहे. ह्या उदाहरणांकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. तिन्ही ठिकाणी दालन हे एखाद्या नाट्यगृहाच्या अथवा सभागृहाच्या कुशीत वाढले आहे. मराठी शहराने चित्रकलेस घर दिले ते बहुधा नाटकाच्या शेजारची खोली म्हणून. रंगमंदिर जसे दिवसाच्या अथवा सत्राच्या भाड्याने मिळते, तसे दालनही मिळते. चित्रकाराने अर्ज करावा, तारीख मिळवावी, भाडे भरावे, चित्रे स्वतः टांगावीत, आठवडा संपला की उतरवून घरी न्यावीत. त्याच दालनात पुढील आठवड्यात छायाचित्रे, त्यापुढील आठवड्यात हस्तकलेच्या वस्तू. ह्यात गैर काही नाही. 'दालन' ह्या शब्दाने दिलेले वचन इतकेच आहे : चार भिंती, उजेड व प्रवेशद्वार.

परंतु ज्यास आज जगभर आर्ट गॅलरी म्हणतात ती संस्था पुष्कळदा ह्याहून सर्वस्वी निराळी असते. तिचा मालक चित्रकाराकडून भाडे घेत नाही. तो काही थोडे चित्रकार निवडतो, त्यांची चित्रे विक्रीसाठी आपल्याकडे ठेवून घेतो, दोन-तीन वर्षांनी त्यांचे एकेक प्रदर्शन भरवितो, पुस्तिका छापतो, संग्राहकांस व संग्रहालयांस चित्रे दाखवितो आणि विक्री झाली तर किमतीतील ठरलेला, बहुधा निम्मा, वाटा घेतो. विक्री न झाल्यास भिंतीचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. म्हणजे पहिल्या संस्थेत जोखीम चित्रकाराची, दुसऱ्या संस्थेत मुख्यतः दालनाची. पहिलीत निवड असली तरी ती तारखा देण्यापुरती. दुसरीत निवड हाच धंद्याचा प्राण. मराठीत दोहोंस 'कलादालन' हा एकच शब्द आहे. शब्द एक असल्याने संस्थाही एकच आहे असा समज होतो, आणि त्या समजाचे परिणाम भाषेपुरते राहत नाहीत.

मुंबईच्या इतिहासात ह्या दोन्ही संस्था एकाच छपराखाली नांदल्या आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली आणि तिची वार्षिक प्रदर्शने दीर्घकाळ चित्रकारास लोकांपुढे येण्याचा मुख्य मार्ग होती. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे ह्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. १९४९ मध्ये त्यांचे प्रदर्शन मुंबईत भरले तेव्हा शहरात चांगले सार्वजनिक दालन नव्हते. ती उणीव सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगीतून १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनाने भरून काढली. जहांगीर हे भाड्याचे दालन. तेथे नवशिका व नामवंत एकाच रांगेत उभे राहतात, हा त्याचा लोकशाही गुण. ती रांग कित्येक वर्षांची असते, हा त्याचा दोष. आज अर्ज केलेला पंचविशीतील चित्रकार तिशीच्या उंबरठ्यावर आपली तारीख गाठतो, आणि त्या आठवड्यात पाऊस कोसळला अथवा लोकलगाड्या बंद पडल्या तर त्यास विचारणारा कोणी नसतो.

दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा उगम मात्र मोठा मनोरंजक आहे. तो ना राजवाड्यात झाला, ना विद्यापीठात. तो चौकटी करणाऱ्यांच्या दुकानात झाला. केकू गांधी ह्यांचा चौकटींचा व्यवसाय १९४१ पासूनचा. 'केमिकल मोल्डिंग' ह्या त्याच्या नावाचा संक्षेप होऊन 'केमोल्ड' हा शब्द बनला. चौकट रिकामी कशी दाखवावी? म्हणून ते तरुण चित्रकारांची चित्रे तीत लावून दुकानात मांडू लागले. गिऱ्हाईक चौकट पाहावयास येई व कधीकधी चित्र विचारी. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांनी व खोर्शेद गांधी ह्यांनी केमोल्ड दालन उघडले; २००७ मध्ये ते फोर्टातील प्रेस्कॉट मार्गावर गेले. काली पंडोल हेही चौकटींच्या व्यवसायातूनच आलेले. त्यांचे दालन १९६३ चेच. म्हणजे जहांगीरच्या तळमजल्यावर भाड्याची भिंत आणि जिना चढून गेल्यावर निवडीची भिंत, अशी स्थिती चाळीस वर्षांहून अधिक काळ होती, आणि मराठीत बोलणारा प्रेक्षक दोन्ही मजल्यांस एकच नाव देत होता.

ह्या दालनांना जगविले कोणी? येथे एक गोष्ट विसरता कामा नये. दालन उघडण्यापूर्वीच मुंबईत थोडे का होईना, पण जाणते खरेदीदार होते. महायुद्धापूर्वी युरोप सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडेन व इमॅन्युएल श्लेसिंगर हे चित्रे पाहणारे, त्यांविषयी लिहिणारे व विकत घेणारे लोक होते. डॉ. होमी भाभा ह्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी ह्याच पिढीची चित्रे घेतली. खरेदीदार, समीक्षक व संस्था हे तिन्ही असले म्हणजे दालन टिकते. केवळ भिंत टिकत नाही.

हा मुद्दा अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एका अगदी वेगळ्या शहराकडे वळू. आखातातील दुबई हे मराठी वाचकास अनोळखी नाही; आपल्या अनेक घरांतील कोणी ना कोणी तेथे नोकरीस आहे. १९७५ मध्ये ह्या शहराची वस्ती सुमारे १ लाख ८३ हजार होती. २०२३ च्या अखेरीस ती ३६ लाखांवर गेली. मीरा-भाईंदरशी ह्याची तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख, २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास, २०११ मध्ये आठ लाखांहून अधिक अशी ही वाढ आहे. दोन्ही ठिकाणी खाडी आहे, दोन्ही ठिकाणी मूळचे कोळी व समुद्रावर पोट असणारे लोक आहेत, आणि दोन्ही ठिकाणची बहुसंख्य वस्ती अन्यत्र जन्मलेली आहे. साम्य येथे संपते.

दुबईत चित्रदालने आली ती आधी जुन्या वस्तीत. अल फहिदी भागातील एका जुन्या अंगणाच्या घरात मजलिस दालन १९८९ पासून होते. 'मजलिस' हा शब्द मराठीतही आहे. आपण त्याचा अर्थ मैफल अथवा सभा असा घेतो, तिकडे तो पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीचा वाचक आहे. पाहुण्यांच्या खोलीचे नाव चित्रांच्या दालनास देणे हे आपल्या 'दालन'शी किती जुळते पाहा! परंतु खरा पालट २००५ नंतरचा. २००६ मध्ये ख्रिस्तीज ह्या लिलावसंस्थेने दुबईत पहिला लिलाव केला. २००७ मध्ये आज 'आर्ट दुबई' नावाने ओळखली जाणारी चित्रजत्रा सुरू झाली. आणि त्याच सुमारास अल कूझ ह्या औद्योगिक भागातील वखारींचे रूपांतर होऊन अल्सरकाल अव्हेन्यू ही दालनांची वसाहत उभी राहिली. पुढे तिचा विस्तार झाला तो शेजारच्या संगमरवराच्या कारखान्याच्या जागेवर. २०१९ मध्ये तेथेच दक्षिण आशियाच्या कलेसाठी इशारा आर्ट फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. पंढरपुरात जन्मलेले हुसेन २००६ नंतर भारताबाहेर राहिले, त्यांतील बराच काळ ह्याच शहरात गेला.

दुबईची ही दालने दुसऱ्या प्रकारची आहेत : निवडणारी, जोखीम घेणारी, वाटा घेणारी. ती टिकली ह्याचे कारण वखारी उंच व प्रशस्त होत्या एवढेच नाही. तेहरान, बैरूत, कराची, मुंबई येथील चित्रकारांस आपापल्या देशाबाहेर एक बाजारपेठ हवी होती, आणि विमानाने तीन-चार तासांत पोहोचता येईल असे हे मधले ठिकाण होते. श्रीमंत पाहुणे होते, कर अल्प होता, राज्यकर्त्यांची इच्छा होती. उलट बाजूही सांगितली पाहिजे. काय दाखवावे ह्यावर तेथे मर्यादा आहेत. ज्या मजुरांनी शहर बांधले ते ह्या दालनांत क्वचितच दिसतात. आणि दालने आधी आली, स्थानिक चित्रकारांची पिढी त्यांच्या मागोमाग घडते आहे. ह्या शहराचे अनुकरण करावे असे मी सुचवीत नाही. कोणत्या कारणांनी कोणती संस्था उभी राहते, हे तेथे सुटेसुटे दिसते एवढाच त्याचा उपयोग.

मीरा-भाईंदरची स्थिती उलटी आहे. येथे चित्रकार आधी आहेत. मुंबईच्या कलाविद्यालयांतून शिकलेले, शाळांतून चित्रकला शिकविणारे, जाहिरातसंस्थांत व चित्रपटांच्या कलाविभागांत काम करणारे कितीतरी लोक घराच्या किमती पाहत पाहत बोरिवली-दहिसरच्या पुढे सरकले आणि येथे स्थायिक झाले. त्यांचे काम सदनिकेच्या एका खोलीत चालते. चित्राचा आकार उद्वाहकाच्या दाराने व लोकलच्या मालडब्याने ठरतो, हे विधान विनोदाने केले जाते. पण चार फुटांहून मोठे चित्र भाईंदरहून सुमारे चाळीस किलोमीटरवरील चर्चगेटला नेण्याचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांस त्यात विनोद दिसत नाही. शहरात लता मंगेशकर ह्यांच्या नावाचे नाट्यगृह झाले आहे. 'कलादालन' हा शब्दही नागरी योजनांच्या व भाषणांच्या भाषेत नित्याचा झाला आहे. वरील विवेचन ध्यानात घेता ह्या शब्दाने शहरास काय मिळते? मिळते ती पहिली संस्था. ती अवश्य मिळावी. एवढ्या मोठ्या वस्तीतील मुलास अस्सल चित्र पाहण्यासाठी काळा घोड्यापर्यंत जावे लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही ती हवी. परंतु दालन बांधले म्हणजे चित्रकाराची उपजीविका लागली, ही अपेक्षा शब्दाच्या एकपणातून जन्मली आहे आणि ती फसणारी आहे.

दुसऱ्या संस्थेसाठी लागणारी जागा येथे नाही असेही नाही. भाईंदर पूर्वेस औद्योगिक वसाहतींतून पोलादी भांड्यांचे व तत्सम धंद्यांचे गाळे आहेत. 'गाळा' हा शब्द मला 'दालना'हून अधिक आशादायक वाटतो. मूळ अर्थ दोन खांबांमधील जागा. त्यावरून दुकानाची वा कारखान्याची खोली. त्यात उंची आहे, मालाची गाडी दारापर्यंत येते, आणि मुख्य म्हणजे त्यात व्यवहाराचा वास आहे. अल कूझच्या वखारी म्हणजे दुसरे काय? उणीव आहे ती जोखीम घेणाऱ्या माणसाची व जाणत्या गिऱ्हाइकाची, आणि ही उणीव ठराव करून भरून येत नाही.

भाषेच्या अभ्यासकास ह्यात करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते बरेच आहे. चित्र 'करण्या'विषयीची मराठी परिभाषा संपन्न आहे. प्रभाकर बरवे ह्यांच्या 'कोरा कॅनव्हास'ने आणि द. ग. गोडसे ह्यांच्या 'पोत'ने अवकाश, आकार, पोत ह्या शब्दांना जो अर्थभार दिला तो कोणत्याही प्रगत भाषेस भूषण ठरावा. परंतु चित्र 'विकण्या'विषयी आपली भाषा मुकी आहे. अशा दालनाच्या चालकास काय म्हणावे? 'दलाल' म्हटले तर शिवी होते. 'विक्रेता' म्हटले तर त्याची निवड व निष्ठा नाहीशी होते. 'आश्रयदाता' म्हटले तर तो राजा होतो आणि चित्रकार आश्रित. वास्तविक व्यवहार पाहिला तर तो आपल्या बाजारपेठेतील अडतीच्या जवळचा आहे. जुन्या पद्धतीत शेतकरी माल अडत्याकडे ठेवी, मालकी शेतकऱ्याचीच राही, विक्री झाली की अडत्या आपली अडत कापून बाकीची रक्कम देई. फरक इतकाच, की अडत्यास कांद्याच्या कीर्तीची चिंता नसते आणि दालनास चित्रकाराच्या कीर्तीची असते. 'चित्र-अडत' हा शब्द कानाला खडबडीत वाटेल. तरीही तो वापरल्याने तरुण चित्रकारास एका क्षणात कळते, की दालनात ठेवलेले चित्र विकले जाईपर्यंत त्याचेच आहे.

हे कळणे निकडीचे आहे, कारण करारपत्रे इंग्रजीत येतात. मराठी माध्यमातून शिकलेला, रेषेवर प्रभुत्व असलेला मुलगा त्यांवर न वाचता सही करतो. त्याने विचारावयाचे प्रश्न साध्या मराठीत असे : चित्र किती काळ ठेवून घेणार? तोपर्यंत अन्य कोणास विकण्याची मला मोकळीक आहे की नाही? गिऱ्हाइकास सूट दिली तर ती कोणाच्या वाट्यातून जाणार? नेताना-आणताना चित्र बिघडले तर भरपाई कोण देणार? विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार? आणि न विकलेले चित्र कोणाच्या खर्चाने परत येणार?

आणखी एक प्रश्न कायद्याने दिलेला आहे, पण तो फारच थोडे लोक विचारतात. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले. २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले. अशा पुनर्विक्रीतील पैसा चित्र ज्याच्या मालकीचे असेल त्याच्याकडे जातो. परंतु भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ५३-अ नुसार, मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास चित्रकारास अथवा त्याच्या वारसांस त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि प्रतिलिप्यधिकाराची मुदत संपली की हक्कही संपतो. आता हा हक्क बजावावयाचा कसा? पहिला खरेदीदार कोण, हेच चित्रकारास ठाऊक नसेल तर पुढची विक्री झाल्याचे त्यास कळण्याचा मार्ग राहत नाही. म्हणून विक्रीच्या पावतीची, खरेदीदाराचे नाव असलेली एक प्रत चित्रकारास मिळाली पाहिजे, आणि ती मिळेल असे करारपत्रातच लिहिलेले असले पाहिजे. भाड्याच्या दालनात हे सहज साधते, कारण तेथे चित्र विकणारा व पावती फाडणारा चित्रकार स्वतःच असतो. अडतीच्या दालनात ते मागून घ्यावे लागते.